शाल भावाच्या खांद्यावर

मनोविकार वॉर्डात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सोबत कोण आलंय?" मग खुर्ची सोबत आलेल्याला मिळते, बोलणं त्याच्याशी होतं, आणि पेशंट बाजूला उभा राहून स्वतःबद्दल ऐकत राहतो. ही सवय मोडायची म्हणून मी शहरातल्या डॉक्टर, नर्स आणि समुपदेशकांची प्रशिक्षणं घेते. माणूस पुन्हा आपल्या आयुष्याचा धनी झाला पाहिजे, गोळ्या फक्त मदतीला, हे सांगून सांगून माझा घसा बसतो. सगळे माना डोलावतात. माना डोलावण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही.

गेल्या हिवाळ्यात मी हट्टानं एका बाईला शिकवायला बोलावलं. अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातली, चाळिशीची. पूर्वी ती शहरातल्या अशाच एका वॉर्डात राहून गेली होती. आता शहरातल्या छावणी भागात खोली घेऊन ब्लाउज शिवते. त्याच वॉर्डात एक नवी जागा निघणार होती. आजारातून गेलेल्या माणसानं नव्या पेशंटांजवळ बसायचं, त्यांच्याशी बोलायचं, रीतसर पगार घ्यायचा. ती जागा तिला मनापासून हवी होती. वॉर्डाचे मोठे डॉक्टर प्रशिक्षणाला येणार होते. त्यांनी तिला ऐकावं, एवढाच माझा डाव होता.

ती सुरेख बोलली. वॉर्डात असताना आपण घरी कधी जाणार हे तिला कुणी सांगत नसे, भावाला सांगत. मग भेटीच्या दिवशी ती त्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायची. सभागृहात एका वयस्कर नर्सनं डोळे पुसले. मला वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

मग सत्कार झाला. तिचं बोलणं ऐकायला भाऊ मुद्दाम गावाहून आला होता, मागं बसला होता. निवेदकानं त्यालाच पुढं बोलावलं. मोठ्या डॉक्टरांनी शाल त्याच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला. बहिणीला सांभाळलं म्हणून! टाळ्या झाल्या. ती शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माइक घेऊन म्हणाले, शिकवलं त्यांनी, आणि सत्कार यांचा? डॉक्टर हसले, आपल्याकडं कुटुंबाला महत्त्व असतं म्हणाले. दुसरी शाल आणलेलीच नव्हती. शेवटी माझ्यासाठीचा गुच्छ तिच्या हातात दिला.

महिनाभरानं वॉर्डात गेले तर कळलं, जागा अजून रिकामीच. "त्या नाही म्हणाल्या," तिथल्या नर्सनं सांगितलं. मी चिडून तडक छावणीत गेले, की बाई गं, एवढं सगळं करून नाही का म्हणालीस?

तिनं मशीन थांबवलं. "मी कवा नाय म्हणले? मला कुणी इचारलंच नाय."

तिनं भावाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. वॉर्डातून विचारणा त्यालाच झाली होती. पुन्हा त्या जागी बसली तर परत बिघडेल, या भीतीनं त्यानं परस्पर नकार दिला होता. मायेनंच दिला होता, आणि मला त्या मायेचाच संताप आला होता. पण त्याच्यापेक्षा जास्त संताप माझ्या त्या मान डोलावणाऱ्या विद्यार्थ्यांचा. त्यांच्या वह्यांत मी सांगितलेलं सगळं असेल, अधोरेखित करून.

मी डॉक्टरांना फोन लावायला घेतला तर तिनं माझा हात धरला. तुमी नका लावू, म्हणाली. नंबर मागून घेतला, स्वतः लावला, फोन स्पीकरवर ठेवला. आपण कोण ते सांगितलं, काम करायची तयारी आहे म्हणून सांगितलं.

"हो हो, ओळखलं," डॉक्टर म्हणाले. "भाऊ आहेत का जवळ? जरा त्यांना द्या."

"भाऊ गावाकडं हाय, सर," ती म्हणाली. "काम मला करायचंय. काय इचारायचं ते मला इचारा."