कुसुमबाईचा छोटा गंज

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूर पाखडत होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली... झोपेतच." सूप तसंच मांडीवर राहिलं. कुसुमबाई माझी थोरली जाऊ. चाळीस वर्षं एका चुलीवर रांधलं आम्ही, आणि तिचं दुखणं मला शेजारी बसून दिसलं नाही, हे आधी कबूल करते.

गुडघे दुखायचे तिचे. मेडिकलातून गोळी आणायची अन् उपाशीपोटीच घ्यायची, कारण घरातली माणसं जेवल्याशिवाय बाईनं ताटावर बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. पुढे पोटात आग पडायला लागली. तरी आर्णीला लग्न असो की गावात रोडग्यांचा भंडारा, म्हणजे गावजेवण, ती निघायचीच. चार लोकांत मिसळायची भारी हौस. पंगत बसली की म्हणायची, "मले उपास हाय." नुसतं नको म्हटलं तर यजमान रुसतो, देवाचं नाव घेतलं की पाया पडतो! पण बाप्पा, आमच्या लोकांची माया... उपास म्हटलं की साबुदाण्याची उसळ हजर, हिरवी मिरची अन् दाण्याचा कूट घालून. एका बारशाला तिनं भिडेखातर चार घास खाल्ले आणि मांडवाचा खांब धरून वाकली. यजमानीण घाबरून विचारते, "काहून व बाई, उपासाले मिरची चालत नाही काय?"

मग यवतमाळला दुर्बिणीनं तपासलं. अल्सर निघाला. त्या गोळ्या बंद, उपास बंद, वेळेवर थोडं थोडं खायचं. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "आता लोकाइच्या घरी जानंच सोडा लागते काय व?" दुखण्यापेक्षा तिला धास्ती त्याचीच.

पण ती घरात बसणारी नव्हती. पुढच्याच भंडाऱ्यात पहिल्या पंगतीला, पुरुषांच्या ओळीत जाऊन बसली अन् खड्या आवाजात बोलली, "मले अल्सर हाय. वांग्याची भाजी नोका वाढू, दही-भात आना."

एक म्हातारबुवा हसले, "आजवर देवाचे उपास, आता डाक्टरचं पारनं!"

"हो जी," ती म्हणाली, "तुमच्या घरच्या बाईचं पोट जळते काय, कदी इचारलं तुम्ही?"

दही-भात आला.

जळजळ पुढे थांबली. तिखट मात्र कायमचं सुटलं. पण एकही आमंत्रण तिनं चुकवलं नाही. गावजेवणात तिच्यासाठी बिनतिखटाच्या वरणाचा छोटा गंज, म्हणजे पातेलं, वेगळा चढायचा. तिच्या तेरवीलाही आचाऱ्यानं सवयीनं तो काढला आणि थबकला. "आता हा कोनासाठी मांडू?" आम्ही बाया तिथंच पत्रावळी पुसत होतो. मग तिच्या सुनेनं हात वर केला. मागून आणखी दोघींनी. माझा हात कधी वर गेला, मलाच कळलं नाही. दोन वर्षांपासून माझंही पोट जळतं, घरात कोणाला बोलले नव्हते.

"काकू, तुम्ही बी?" सून म्हणाली.

आचाऱ्यानं हात मोजले, छोटा गंज उचलून बाजूला ठेवला आणि चुलीवर मोठा चढवला.