सखूआत्या, सिडनी आणि माझे किलोमीटर

आमच्या घरात अंतर मी मोजतो. वडप्याच्या गोदामात ट्रकांचे किलोमीटर काढणं हे माझं काम. त्यामुळे जगातलं कुठलंही ठिकाण किती लांब आहे हे मला माहीत असतं, असा घरच्यांचा समज. (तो मीच पसरवलेला.)

म्हणून दिघाशीच्या सखूआत्याचं लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत सिडनीला जायचं ठरलं, तेव्हा ती थेट भिवंडीला माझ्याकडे आली. तिकीट जावयानं पाठवलं होतं. आत्यानं तोवर विमान पाहिलं होतं ते भात लावताना, मान वर करून.

"इमानानं किती लांब हाय ते सांग," ती म्हणाली. "तेवढ्या भाकऱ्या थापते."

मी मोबाईलवर मुंबई विमानतळ टाकला, मग सिडनी, आणि जे पहिलं आलं त्यावर बोट ठेवलं. जवळजवळ बारा हजार किलोमीटर! दिघाशी ते भिवंडी एक भाकर, असा आत्याचा हिशेब. त्या हिशेबानं भागाकार केला तर भाकऱ्यांना वेगळा टेम्पो लागला असता. पण खरा धक्का खाली होता. तिथलं हवामान: उणे, बर्फ.

बायकोनं नकाशात डोकावून विचारलं, ऑस्ट्रेलिया तर खाली असतं, मग ही रेघ रशियावरून का चाललीय? मी तिला समजावलं की पृथ्वी गोल असते आणि विमानं वाकडी जातात. ती कानटोपी शोधायला उठली. (तिला एवढ्या लवकर पटलं, तिथेच मला शंका यायला हवी होती.)

मग तयारी सुरू झाली. दोन स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे. शेजारचे लूमवाले रफीकचाचा रजई घेऊन आले. सामानाचं वजन वाढलं, तेव्हा आत्याची सगळी सुती लुगडी मी स्वतःच्या हातानं बाहेर काढली.

पोहोचल्यावर व्हिडिओ कॉल आला. कानटोपीतली आत्या टोमॅटोसारखी लाल झाली होती आणि नववा महिना लागलेली तिची लेक मनीषा तिला पुठ्ठ्यानं वारा घालत होती.

"दादा," मनीषा म्हणाली, "इथे चाळीस डिग्री आहे. आईला बर्फ कोणी सांगितला?"

बायकोनं माझ्या हातातला मोबाईल घेतला आणि नकाशा मोठा केला. जगात सिडनी दोन आहेत. मी मोजलं ते कॅनडातलं.

अंगात घालायला काही नाही म्हणून आत्याला मनीषाचे गरोदरपणातले गाऊन घालावे लागले. नात झाली, बारसं झालं, आत्या परतली, तीही फुलाफुलांच्या गाऊनमध्येच. "ह्यात वारा लागतो, लुगडं नको," म्हणाली. आता दिघाशीतल्या बायकांना तस्से गाऊन शिवायचेत. कापड भिवंडीतून आणायचं काम माझ्याकडे आलंय. निरोप देताना आत्यानं एवढंच बजावलं, की मोजून मात्र बायकोकडून घे.