तीन होकार

आत्मा मेंदूत वास करतो आणि देवाची हाक आली की शुद्ध हरपलेल्या माणसातूनही ओ देतो, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. हाक मात्र मी मारली होती.

अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेला आमच्या कापसावाचून करमत नव्हते आणि अमरावतीच्या कापूसबाजारात बैलगाड्या मावत नव्हत्या. त्या बाजारातले वजन पुकारण्याचे काम सोडून मी नुकताच मिशनच्या दवाखान्यात पाद्रीसाहेबांचा दुभाषी झालो होतो. पुकारणे म्हणजे काय, तर काटा स्थिरावला की वजनाचा आकडा लांबट सुरात ओरडायचा. मापाडी मान हलवतो, मगच कापूस काट्यावरून उतरतो. ज्याच्या काट्यावर मी दोन हंगाम ओरडलो, त्याच मापाड्याच्या डोक्यात काट्याची दांडी निखळून बसली आणि त्याला आमच्याकडे आणले.

पाद्रीसाहेब वैद्यकही शिकलेले. त्यांच्या मेजावर एक पांढरी नकली कवटी होती. तिच्यावर लोभ, स्मरण, श्रद्धा यांच्या जागा आखलेल्या. श्रद्धेची जागा टाळूवर. जखम नेमकी टाळूलगत. साहेबांना त्यात ईश्वरी संकेत दिसला, मला टाके दिसले.

"हा मनुष्य संध्याकाळ पाहणार नाही," ते म्हणाले. "त्यास विचारा, तो प्रभू येशूवर विश्वास ठेवतो काय?"

मी साध्या आवाजात विचारले. काही हालचाल नाही. साहेबांचे डोळे भरून आले होते. मग मी बाजारातल्या सुरात विचारले. मापाड्याने मान हलवली. साहेबांचे पुढचे दोन प्रश्नही मी तसेच पुकारले. तीन प्रश्न, तीन होकार. साहेबांनी गुडघे टेकले. त्या क्षणी मला खरे सांगता आले असते, पण नोकरी नवी होती. बाप्तिस्म्याचे पाणी शिंपडले गेले.

तो मेला नाही. पंधरवड्याने उठून बसला, तोवर जातीने त्याला वाळीत टाकले होते. बायको भाकर दारात ठेवून लांब उभी राहायची. मला म्हणाली, "भाऊ, तुमी होते ना तिथं? यायनं खरंच हो म्हटलं का? पंचायले तुमीच सांगा."

आधी मी मापाड्यापाशी सगळे कबूल केले. वाटले, शिव्या देईल.

"तुया आवाज आला मले," तो म्हणाला. "खोल विहिरीत पडल्यावानी होतो. वाटलं, कोनी तरी बोलावून राह्यलं. लय बरं वाटलं, बावा."

"पण काय विचारलं, ते समजलं होतं?"

"तोलतानी तरी काय समजते? काटा बरोबर दिसला तं मान हालते."

"मग तेव्हा बरोबर दिसला होता?"

त्याने दारातल्या भाकरीकडे पाहिले. "मले घरी जेवाचं हाय," एवढेच म्हणाला.

पंचांपुढे मी शपथेवर सांगितले, की हा बेशुद्ध होता, मान हलली ती सवयीने. पंच बाजारातलेच, त्यांना लगेच पटले. जातजेवण देऊन तो घरी गेला. एकदा मी त्याच्या डोक्यातून होकार काढला होता, दुसऱ्यांदा त्याच्या वतीने नकार देऊन आलो. त्या बरे वाटण्याबद्दल मी पंचांपुढे अवाक्षर काढले नाही.

सुराची गोष्ट शेवटी साहेबांना सांगितली. ते रागावले असते तर बरे झाले असते. हळूच म्हणाले, "देव तुमच्या सुराचाही उपयोग करू शकतो."

मिशनचा वार्षिक अहवाल तोवर बोटीवर चढून गेला होता. त्यात त्या वर्षीचा आमचा तो एकमेव बाप्तिस्मा होता.