वहीतले कोरे सोमवार

एका डॉक्टरनं तीन महिने माझ्या वजनाचा अभ्यास केला आणि शेवटी मलाच खोटारडी ठरवलं. चारचौघींसमोर. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

पंचवीस वर्षं फळ्यासमोर उभी राहून गुडघे गेले होते माझे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, आधी बारा किलो उतरवा, मग ऑपरेशन. आणि मला तर घाई होती. जळगावला दिलेल्या माझ्या लेकीला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण जिला न्हाणीतल्या पाटावरून दोघांनी हात धरून उठवावं लागतं, ती नातवंडाला पायावर घेऊन काय न्हाऊ घालणार? दुसराच महिना होता. तीन महिन्यांत वजन, मग ऑपरेशन, मग हळूहळू चालणं. मी बोटांवर मोजलं, जमत होतं.

त्याच सुमारास बुऱ्हाणपुरातल्या एका डॉक्टरनं लठ्ठ बायकांवर अभ्यास सुरू केला होता. पोळी, भात, साखर बंद. तूप, लोणी, पनीर, खोबरं हवं तेवढं. शेजारीण म्हणाली, "काय माय, तेल ओतून कुठं आग विझते का?" मी म्हटलं, विझो न विझो, मी जाते. नाव नोंदवलं. त्यांनी एक वही दिली. तोंडात गेलेला घास न् घास तिच्यात लिहायचा आणि दर मंगळवारी वजन करायला जायचं. तिथली एक पोरगी वही तपासायची.

मी शाळेतली बाई. वही कशी ठेवायची हे मला कुणी शिकवू नये. दोन चमचे तूप घातलं तर दोन चमचे लिहिलं. भावाची बहादरपूरला केळीची बाग, त्यामुळे घरात घड लटकलेला असायचाच. मी मात्र काकडीला लोणी लावून खात बसायची. पोळीच्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं, खोटं नाही सांगत. त्यातच लेकीसाठी मी सोमवार आणि गुरुवार धरले होते, सगळं नीट पार पडावं म्हणून. त्या दोन दिवसांच्या पानावर फक्त 'उपवास' लिहायचं आणि आडवी रेघ मारायची. ती पोरगी रेघ बघून पान उलटायची.

पहिल्या महिन्यात दीड किलो उतरलं. मग काटा हटून बसला. मग वाढायला लागला! शेवटच्या मंगळवारी डॉक्टरनं स्वतः वही चाळली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाला, "आंटी, हफ्ते में दो दिन भूखी रहती हो और वजन बढ़ रहा है? डायरी में झूठ मत लिखा करो।"

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "खोटं बोलणाऱ्या पोरांना मी पट्ट्या मारल्यात!" घरी आले तरी संताप जाईना.

पुढच्या सोमवारी आम्ही दोघं फराळाला बसलो. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दोन-दोन केळी. हे सहज म्हणाले, "अगं, तुला बटाटा बंद ना?"

खिचडीतली बटाट्याची फोड माझ्या हातातच राहिली. फ्रिजवर डॉक्टरची यादी चिकटवलेली होती. साबुदाणा, बटाटा, रताळं, केळी, सगळं बंद. रोज वाचत होते मी ती यादी, पाठ होती मला! पण फराळ म्हणजे काय जेवण थोडंच? लहानपणापासून कुणी तो जेवणात धरलाच नाही. आणि वर डॉक्टर तूप भरपूर म्हणाला म्हणून मी खिचडीवरही ओतत होते. बरं, ती वही तपासणारी पोरगी काय विलायतेची होती? इथल्याच इतवारा मोहल्ल्यातली. तिच्याही घरी सोमवारी साबुदाणा भिजतो. तिलाही विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत गेले, डॉक्टरला सगळं सांगितलं. म्हटलं, मला आणखी तीन महिने द्या. तो म्हणाला, तुमची वही अभ्यासातून काढून टाकली, आता पुढच्या वेळी बघू. मी म्हटलं, "अहो, मग बाकीच्यांच्याही वह्या बघा की! त्याही उपवास करतात, त्यांनीही रेघाच मारल्यात."

"उनका वजन तो उतरा है ना," तो म्हणाला.

झाला अभ्यास! ज्यांचं उतरलं त्यांच्या रेघा खऱ्या, माझ्याच खोट्या. चूक माझी होती, मी नाही म्हणत नाही. पण कुणीतरी एकदा विचारायचं होतं, बाई, उपवासाला खाता काय.

हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. लेकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, सासूबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, बाळंतपण इथेच कर. मी तीन महिने भांडले त्यांच्याशी. आई बरी होतेय म्हणाले. आता कुठल्या तोंडानं सांगू?" मी तिला साबुदाण्याचं सांगितलं. वाटलं, हसेल तरी. तिनं विचारलं, "सोमवार कुणासाठी धरले होतेस?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच गं." तशी ती रडायलाच लागली.

नात जळगावलाच झाली, दोघी सुखरूप. विहीणबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, पण अंगानं शेवग्याची शेंग. पहिली आंघोळ त्यांनीच घातली. लेकीनं मोबाइलवर दाखवली. पाय पसरून, पायांवर बाळाला घेऊन त्या हलक्या हातानं पाणी घालत होत्या. मध्येच मोबाइलकडे बघून म्हणाल्या, "बाई, बरोबर घालतेय ना मी? तुम्ही सांगाल तसं घालते."

तीन पोरं न्हाऊ घातलेली बाई ती. तिला काय माझ्याकडून शिकायचं होतं? माझी कीव आली म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं, "छान घालताय," आणि मोबाइल ह्यांच्या हातात दिला.