वर एक

फोन वाजला की अण्णा आधी लॉगबुकाचं पान मागे उलटायचे आणि मग रिसीव्हर उचलायचे. पलीकडचा माणूस घाईत असला तरी यांचं बोट सावकाश एकेका ओळीवरून फिरत असे. "मागचं वाचल्याबिगर फुडचं करू नये," हे ते मला दिवसातून चारदा ऐकवत. कामावर एखादा तरी असा चिकट माणूस तुम्हीही पाहिला असेल. तोंडावर त्याला मान द्यायचा आणि पाठ फिरली की हसायचं.

सोलापूरहून कुंभारीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या विजेच्या सबस्टेशनात अण्णा ऑपरेटर होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. अमुक लाईन बंद करा, तमुक चालू करा, असे हुकूम फोनवर यायचे. हुकूम आला की तो मोठ्याने परत म्हणायचा, हँडल फिरवायचं आणि वेळेसकट लॉगबुकात लिहायचं. खांबावर माणूस चढला की "वर गेला" आणि उतरल्याचा निरोप आला की "खाली आला". एवढंच काम. पण त्यात चूक झाली तर माणूस जागच्या जागी कोळसा व्हायचा.

दुपारी दोनला पाळी बदलायची. अण्णा त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मोठ्याने वाचून काढत, वर गेलेले आणि खाली आलेले बोटांवर मोजत आणि शेवटी म्हणत, "वर एक."

वही सांगायची, वर कोणी नाही. अण्णा सांगायचे, एक. रोज. सुरुवातीला मला वाटलं, म्हाताऱ्याला वजाबाकी येत नाही.

एकदा चैत्रातल्या भर दुपारी मी विचारलंच, "अण्णा, हा वर एक म्हणजे कोण?"

बाहेर ट्रान्सफॉर्मरची घरघर चालली होती. अण्णांनी पानाची चंची उघडली आणि तशीच मिटली. "अकरा वर्सं झाली. एक लाईनमन अक्कलकोट लाईनीच्या खांबावर हुता. मला कुनीतरी सांगितलं, काम झालं. मी इचारलं न्हाय, कुनाचं काम. लाईनीत वीज सोडली."

मी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं.

"वही हाय की," ते म्हणाले. "वर गेल्याची नोंद हाय, माज्याच अक्षरात. खाली आल्याची न्हाय. मग वर कुनी न्हाय असं मी कसं म्हनू?"

त्यानंतर मी हसायचं सोडलं. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटू लागली. कधी कधी फोन वाजलेला नसतानाही ते रिसीव्हर कानाला लावत आणि "व्हय, व्हय, हाय मी हितं," असं हळूच बोलत. मी एकदा त्यांच्यामागून रिसीव्हर उचलून पाहिला. आत नेहमीचीच खरखर होती.

पुढे आम्हाला एक नवे इंजिनिअर आले. माणूस वाईट नव्हता, त्याला नीटनेटकेपणाची हौस होती. लॉगबुकं फार भरतात, म्हणून त्याने फर्मान काढलं: एकच हुकूम पुन्हा आला तर पुन्हा लिहायचा नाही. बंद असलेली लाईन परत "बंद" कशाला लिहायची? मला ते पटलं. अण्णा म्हणाले, "साहेब, त्योच हुकूम दुसऱ्यांदा आला तर दुसऱ्याचा आसतो की." साहेब हसले. अण्णा आपले सगळं लिहीतच राहिले.

परवा माझी पुतणी संगणकावर काहीतरी जुळवत होती. आपण दिलेले हुकूम तो साठवून ठेवतो म्हणे, बाणाची कळ दाबली की मागचा हुकूम पुन्हा समोर येतो. किती हुकूम ठेवायचे तेही आपणच ठरवायचं. "आणि तोच हुकूम दोनदा दिला तर एकदाच ठेव, असं सांगून टाकते, काका," ती म्हणाली. मी केवढ्याने तरी "नको!" म्हणालो. ती दचकली. म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

इंजिनिअरसाहेबांचा तो नियम आल्यावर एक दिवस सकाळची पाळी माझी होती. होटगीच्या टोळीने फोनवरून लाईन बंद करून घेतली. मी लिहिलं. तासाभराने कुंभारीचा लाईनमन सायकलवरून आला आणि खिडकीतून डोकावला. "साहेब, होटगीची लाईन बंदच हाय न्हवं? मग मी बी तिच्याच कुंभारीपासल्या खांबावरचे दोन चिनीमातीचे कप बदलून घेतो." मी म्हटलं, "घे की." लाईन बंदच होती. नवीन नियमाप्रमाणे मी काही लिहिलं नाही. मग दहा फोन आले आणि मी तो माणूस साफ विसरलो. याला दुसरा शब्द नाही. विसरलो.

दोनला पाच कमी असताना होटगीचा फोन आला, काम झालं, माणसं खाली आली. मी नोंद केली आणि हँडलकडे वळलो, तेवढ्यात अण्णा दारात उभे.

"थांब. मागचं वाच."

मी वाचलं. होटगी वर, होटगी खाली. हिशेब चोख. मी म्हटलं, "झालं अण्णा. तुमचा तो एक तेवढा वर."

अण्णांचं बोट दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर थांबलं होतं.

"दोन," ते म्हणाले.

माझा हात हँडलवर होता. अण्णांनी तो धरून बाजूला केला. मग रिसीव्हर उचलला. फोन वाजला नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. "व्हय," ते म्हणाले. "व्हय. कळलं." रिसीव्हर ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायकल घे. कुंभारीला जा."

कुंभारी म्हटल्याबरोबर मला सकाळची खिडकी आठवली आणि मी सायकलकडे धावलो.

मैलभर अंतर मी कसं कापलं, देव जाणे. लाईनमन खांबावर होता. दोन्ही हातांत तार धरून काहीतरी गुणगुणत होता. मला बघून वरूनच ओरडला, "काय साहेब, एवढ्या उन्हाचं?"

"पाणी हवंय का विचारायला आलो," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही. त्याला मी खरं कधीच सांगितलं नाही.

परत आल्यावर ती राहिलेली नोंद लिहायला मी पेन काढलं. अण्णांनी माझं मनगट धरलं. "नगं. आता लिवलंस तर खोटं हुईल. ऱ्हाऊ दे ती जागा रिकामी. रोज बघत जा."

"अण्णा, फोनवर कोण होतं?"

"दुसरं कोन आसनार?" ते म्हणाले आणि चंची उघडून पान लावू लागले.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. घर, बायकामुलं केम गावाला. सामान त्यांनी आदल्या दिवशीच रेल्वेने पाठवलं होतं. मला चार्ज दिला, सही केली, माझ्या पाठीवर हात ठेवला. स्टेशनकडे जायचं सोडून ते अक्कलकोटच्या दिशेने, लाईनीखालून चालत निघाले. मला वाटलं, कुणाचा तरी निरोप घ्यायचा असेल.

आठ दिवसांनी केमहून त्यांच्या मुलाचं पत्र आलं. सामान पोहोचलं, बाबा अजून आले नाहीत.

कुंभारीच्या त्याच लाईनमनला घेऊन मी निघालो. खांबामागून खांब बघत गेलो. सूर्य डोक्यावर होता, आसपास चिटपाखरू नव्हतं. अक्कलकोट लाईनीवर एका खांबाखाली अण्णांच्या चपला होत्या. चढण्याआधी लाईनमन काढून ठेवतात तशा, जोडीने, खांबाकडे तोंड करून. लाईन चालू होती. वर तारांपलीकडे नुसतं पांढरं आभाळ.

लाईनमनने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर पाहिलं. मग, साथीदाराला हाक मारावी तसा, साध्या आवाजात म्हणाला, "अण्णा, लई ऊन झालं. खाली या की आता."

आणि मग मीही हाक मारली.