परब सरांनी परब सरांना केलेला अर्ज

भांडुपच्या त्या कॉलेजात कुणाचं काही अडलं की लोक म्हणायचे, "परब सरांकडे जा." आणि परब सरांकडे गेलं की आणखी दोन गोष्टी अडायच्या. पण माणूस इतका प्रेमाने अडवायचा की अडलेला आभार मानून बाहेर पडे.

सुबोध परब मराठी शिकवत. बेताची उंची, कपाळाने डोक्यावर बरंच अतिक्रमण केलेलं, आणि शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं लिहायला, लाल त्रुटी दाखवायला. निळं सहा सहा महिने पुरे. लाल पंधरा दिवसांत संपे.

चार वर्षांपूर्वी कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. प्राचार्यांनी जिन्याखालची खोली रंगवून घेतली, दारात दोन कुंड्या ठेवल्या आणि वर पाटी लावली : 'प्राध्यापक व विद्यार्थी साहाय्य, संसाधन आणि संधी केंद्र'. पाटी भिंतीपेक्षा लांब निघाली, त्यामुळे 'संधी केंद्र' हे शब्द जिन्याच्या वळणावर गेले आणि वरून उतरणाऱ्यांनाच दिसू लागले. समिती आली, कुंड्या बघून प्रसन्न झाली, जेवली, गेली. दुसऱ्या दिवशी कुंड्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये परतल्या. केंद्र मात्र राहिलं, आणि त्याचे समन्वयक म्हणून परब सर राहिले.

दुसऱ्या कुणी खोलीला कुलूप घातलं असतं आणि पुढच्या समितीच्या वेळी उघडलं असतं. परब सरांची अडचण अशी, की पाटीवर लिहिलेलं त्यांना खरं वाटलं. त्यांनी बसून बावीस पानांची नियमावली लिहिली. उन्हाळी संशोधन शिबिर असो, विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असो, मोफत कायदेविषयक सल्ला असो की शिक्षकांची अभ्यास रजा, विद्यापीठाचं जे परिपत्रक येईल ते आधी छापायचं, त्याला आवक क्रमांक द्यायचा, फाइलला लावायचं, समन्वयकांची सही, उपप्राचार्यांची सही, प्राचार्यांची सही, आणि मग काचेच्या फलकात. फलकाची किल्ली इमारतीच्या देखभालीचं काम बघणाऱ्या गृहस्थांकडे, ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत. त्यामुळे कुठलीही संधी फलकावर झळकायची ती तिची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. पण झळकायची कशी! सरळ रेषेत, चार टाचण्यांवर, गोल शिक्क्यासह.

एकदा तृतीय वर्षाची श्रुतिका फलकावरचं वाचून धावत आत आली. "सर, हे पुण्याचं शिबिर... याची तारीख काल होती!"

"हो," परब सर म्हणाले. "छान शिबिर आहे. पुढच्या वर्षी नक्की कर."

"पुढच्या वर्षी मी पास होऊन गेलेली असेन ना सर."

"मग माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळा अर्ज आहे," सर आनंदाने म्हणाले आणि खण उघडू लागले.

तरीही या केंद्रातून दरवर्षी वीस-पंचवीस मुलं कुठे ना कुठे पोचत होती, आणि याचं श्रेय रत्नप्रभाबाईंचं होतं. रत्नप्रभा भानजी म्हणजे केंद्राचा उरलेला निम्मा कर्मचारीवर्ग. भांडुपच्या कोळीवाड्यातल्या. सव्वीस वर्षं ग्रंथालयात परिचर होत्या, तिथून त्यांना इथे धाडलं. सकाळी नणंदेबरोबर मासळीच्या पाट्या लावून मग कॉलेजात यायच्या, आणि परिपत्रक हातात आलं की ते खालून वाचायच्या. शेवटची तारीख आधी. "आज हाय ते आज विकायला पायजे," एवढंच त्यांचं धोरण. आवक क्रमांकाचा शिक्का मारायच्या आधी त्या मोबाइलवर फोटो काढून मुलांच्या ग्रुपवर टाकत. परब सरांना हे माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण नियमावलीत त्याला रकाना नव्हता. फलकाआधीच मुलांचे अर्ज जातात कसे, याचं ते वार्षिक अहवालात 'विद्यार्थ्यांमधील वाढती जागरूकता' असं स्पष्टीकरण देत.

आता यात परब सरांचं स्वतःचं काय अडलं होतं, ते सांगायला हवं.

सरांची पीएचडी चौदा वर्षं चालू होती. विषय : 'विक्रोळीच्या चाळींतील सामाईक नळावरील बायकांचा भाषाव्यवहार'. सरांचं लहानपण तिथल्याच एका चाळीत गेलेलं. लालबागची गिरणी बंद पडल्यावर वडील विक्रोळीत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढपी म्हणून लागले होते. सरांनी छोट्या रेकॉर्डरवर नळावरची बासष्ट संभाषणं टिपली. विषय घेतला तेव्हा तो चालू काळाचा अभ्यास होता. मग नळ घराघरात गेले, मग चाळ गेली, मग बावीस मजले उभे राहिले. प्रबंध तिथेच राहिला आणि हळूहळू इतिहास या विषयात मोडू लागला. मार्गदर्शक बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. विद्यापीठ शिक्षकांना प्रबंध पुरा करायला वर्षाची भरपगारी रजा देतं, पण पन्नाशीच्या आतल्यांना. परब सर ऑगस्टमध्ये पन्नास पुरे करणार होते. अर्जाची शेवटची तारीख जूनमधला दुसरा शुक्रवार, संध्याकाळचे पाच. ही रजा हुकली की प्रबंध कायमचा माळ्यावर.

"रामाचो वनवास चौदा वर्सांचो," त्यांची बायको सुलक्षणा त्या आठवड्यात भाकरी थापता थापता म्हणाली. "तो परत इलो, राज्यावर बसलो. तुमी अजून पाचव्या प्रकरणात."

"अगं, या वर्षी अर्ज करतोय ना."

"गेली तीन वर्सां काय करी होतात? अर्जच मा?"

तिचं खरं होतं. गेली तीन वर्षं परब सर अर्ज करत होते, आणि तो नाकारला जात होता. नाकारणारे समन्वयक परब सरच होते. नियमावलीतला अकरावा नियम त्यांनी स्वतः ठळक अक्षरांत लिहिला होता : 'समन्वयक स्वतः अर्जदार असल्यास त्यांच्या अर्जाची छाननी अधिक काटेकोरपणे करावी.' पहिल्या वर्षी फोटोवर सही आडवी गेली नव्हती. दुसऱ्या वर्षी विभागाचं ना हरकत पत्र जुन्या नमुन्यात होतं. तिसऱ्या वर्षी सगळं ठीक होतं, म्हणून सरांना संशय आला आणि संशय फिटेपर्यंत मुदत टळली.

या वर्षी त्यांनी सोमवारीच अर्ज भरला. बुधवारी छाननी केली. लाल पेन तिसऱ्या रकान्यावर थांबलं. मग त्यांनी रीतसर पत्र लिहिलं : 'प्रति, प्रा. सुबोध परब. महोदय, आपल्या अर्जासोबत प्रगती अहवालाची प्रत साक्षांकित नाही. तरी दोन दिवसांत त्रुटीपूर्तता करावी. आपला, सुबोध परब.' त्याला जावक क्रमांक पडला. रत्नप्रभाबाईंनी ते टेबलाच्या डाव्या ट्रेमधून उचलून उजव्या ट्रेमध्ये ठेवलं. सरांनी ते वाचलं, चेहरा जरा पडला, आवक क्रमांक दिला आणि उत्तर लिहायला घेतलं : 'महोदय, आपल्या पत्रास अनुसरून...'

"सर," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "तुमी दोघं एकदा समोरासमोर बसून बोलून घ्या ना."

सर हसले नाहीत. गुरुवारी त्रुटीपूर्तता झाली. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता अर्ज संगणकावर चढला, आणि शेवटच्या पानावर गाडी थांबली. तिथे समन्वयकाने लिहायचं होतं, 'हा अर्जदार रजेस पात्र व योग्य असल्याचे मी प्रमाणित करतो.' खाली बटण : शिफारस.

परब सर बटणाकडे बघत बसले. साडेअकरा झाले. बारा झाले.

"दाबा की," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"स्वतःला योग्य कसं म्हणायचं, बाई?"

"मग काय, अयोग्य म्हणा नि दाबा!"

"तसं नाही. आमचे वडील कँटीनमध्ये वाढायचे. दोनशे माणसं उठेपर्यंत घास घ्यायचे नाहीत. गावाकडेही तसंच, वाढपी शेवटच्या पंगतीला."

"शेवटच्या पंगतीला बसायचे ना? बसायचे तरी! तुमी तर पंगत उठवून, पत्रावळी उचलून, जागा धुऊन घरी उपाशी चाललाय."

लाल पेनाने खूण करावी अशी त्रुटी सरांना यात सापडेना. रत्नप्रभाबाईंनी मात्र तेवढ्या वेळात नियमावली खालून वाचायला सुरुवात केली होती. शेवटून दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "हे काय लिवलंय? 'समन्वयक रजेवर असल्यास केंद्रातील ज्येष्ठतम कर्मचारी प्रभारी राहील.' मंजे कोण?"

सरांनी खोलीत नजर फिरवली. टेबल, कपाट, रत्नप्रभाबाई. "म्हणजे... तुम्ही."

"मग भरा अर्ध्या दिवसाच्या रजेचा कागद. लवकर!"

एक वाजता परब सर रजेवर गेले. म्हणजे दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले, कारण रजेवरच्या माणसाने कार्यालयीन खुर्चीत बसू नये असं पंधराव्या नियमात होतं. रत्नप्रभाबाई पदर खोचून त्यांच्या खुर्चीत बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांची कामं झाली. एकीला समुपदेशक बाईंचा नंबर दिला, एकाला विक्रोळीच्या अभ्यासिकेचं पत्र. तीन तास. एकालाही माघारी पाठवलं नाही. सर बाकावरून बघत होते आणि त्यांचे हात शिवशिवत होते. चारच्या सुमाराला आतून हाक आली, "पुढचं कोण? परब! या."

सर आत जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही.

"वर्ष दिलं तर प्रबंध होईल काय?"

"विहित मुदतीत पूर्ण करण्याचा मानस—"

"कागदावरचं नको. माझ्याशी बोला."

जिन्यावरून मुलांचे पाय धडधडत गेले. "एक प्रकरण राहिलंय," परब सर शेवटी म्हणाले. "त्यात आमच्या आईचा नळ आहे. बासष्टपैकी अकरा रेकॉर्डिंगमध्ये ती बोलते. ती जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून... रेकॉर्डर डब्यात, माळ्यावर. मी ते लावूच शकलो नाही."

"म्हणून फोटोवर सही आडवी नव्हती."

"अं?"

"काय नाय." बाईंनी चष्मा काढला. मग तो पुसला. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लावून. "आमची आई गेली तेव्हा तिचा आवाज कुटं ऱ्हायला नाय. तुमच्याकडे हाय नि तुमी डब्यात घालून ठेवलाय. चार वाजून वीस झाले. बसा."

त्यांनी बटण दाबलं. यंत्राने विचारलं : शिफारशीचं कारण लिहा, किमान शंभर अक्षरं. बाई एका बोटाने लिहू लागल्या. सर खुर्चीच्या मागे येऊन बघायला लागले, तशा त्या म्हणाल्या, "तुमी रजेवर हाव."

पाचला दहा मिनिटं असताना अर्ज गेला. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पण सोमवारी सरांनी हळूच प्रत उघडून पाहिलीच. लिहिलं होतं : 'हा माणूस सगळ्यांचे अर्ज करून देतो. ह्याचा स्वताचा राहिला आहे. काम होण्यासारखे आहे, मी विचारून घेतले. ह्याला एक वर्ष आमच्यापासून लांब ठेवावे. केंद्र आम्ही सांभाळू.'

खिशातलं लाल पेन बाहेर आलं, 'स्वताचा'वर क्षणभर घुटमळलं आणि परत गेलं.

रजा मंजूर झाली. परब सरांच्या आजवरच्या सेवेत एखादा अर्ज पहिल्या फेरीत मंजूर होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यांनी मंजुरीचं पत्र खरं आहे ना याची विद्यापीठात फोन करून दोनदा खात्री केली. कॉलेजात समारंभ झाला. प्राचार्यांनी भाषणात केंद्राच्या पारदर्शक कार्यपद्धतीचं कौतुक केलं आणि कुंड्या त्या तासापुरत्या खाली आणवल्या.

रजेच्या पहिल्या सोमवारी सर घरी टेबलाशी बसले. नऊ ते अकरा टेबल आवरलं. अकरा ते बारा पेन्सिलींना टोकं काढली. साडेबाराला सुलक्षणा स्वयंपाकघरातून आली, तिने माळ्यावरचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि परत गेली.

सरांनी रेकॉर्डर बाहेर काढला, नव्या बॅटऱ्या घातल्या, कानात हेडफोन घातले. आधी नुसतं पाणी. हंड्यात पडणारं, मग भरत आलेल्या हंड्यातलं जाडसर. दोन बायकांचं हसणं. आणि मग अगदी जवळून, पुढ्यात उभी असावी तशी, आई खेकसली, "लिवतस काय नुसतो? हंडो धर आधी!"

परब सर दचकून खुर्चीतून उठले. दोन्ही हात पुढे झालेले. स्वयंपाकघराच्या दारातून सुलक्षणाने विचारलं, "काय झाला?"

"काही नाही," सर म्हणाले. मग खाली बसले, तेवढा भाग मागे घेऊन पुन्हा ऐकला, आणि निळं पेन उघडून ते वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. खाली लिहिलं, प्रकरण पाच.