पिनांगात कुठं जेवावं

“कराचीला पोचल्याबरोबर पत्र टाक रे, गंग्या!” बा दासगावच्या बंदरावरून ओरडत होता. मचवा निम्म्या खाडीत आला तरी ओरडतच होता. आमच्या बाचा आवाज असा, की त्या दिवशी सवच्या झऱ्यांना उकळी फुटली. ते झरे आधीपासूनच गरम असतात, हा भाग वेगळा. आय ओरडली नाही. ती आदल्या दिवशीच म्हणाली होती, “उपाशी ऱ्हाऊ नको.” मी दोघांनाही हात हलवून हो म्हटलं. कराचीला मी चाललोच नव्हतो.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर आमची वाडी. मुंबईला गेलेला माणूस परत येतो हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. कराचीहूनही एक-दोघे आले होते. मी निघालो होतो पिनांगला, पार समुद्रापलीकडं मलायी मुलखात. तसं म्हटलं असतं तर आयेनं दारात आडवं अंग टाकलं असतं. म्हणून कराची. तशा थापा मी लहानपणापासून मारत आलोय. बिबट्याला शेपटीला धरून घाट उतरवला, एका बैठकीत अठरा भाकऱ्या खाल्ल्या. त्यांनी कुणाचं काही बिघडलं नाही. या एका थापेनं बिघडलं.

वाडीकरांनो, तुमच्यापैकी कुणी इकडं आलंच तर जेवणाचं सांगून ठेवतो. धक्क्यावर उतरलात की कावडवाल्याला गाठा. तमिळ मुसलमान, कावडीच्या एका अंगाला भात, दुसऱ्या अंगाला कालवणं. एकाच भातावर चार कालवणं ओततो आणि बिघडत काही नाही. केळीच्या पानावर जेवायचं तर देवळामागच्या तमिळ खाणावळीत या. तिथं मीच वाढतो. चिन्यांच्या शेवया खा, पण डुकराचं काही आहे का ते आधी विचारा. त्या शेवया लांब असतात. माझ्या एका शेवईचं टोक पोटात पोचलं तेव्हा दुसरं अजून गाडीवर शिजत होतं.

मलायी बायका एक चटणी करतात, ती मात्र जपून खा. जवळा सुकवून, कुटून त्याचा गोळा करतात आणि निखाऱ्यावर भाजतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी भर रस्त्यात थांबलो. चुलीपाशी आय पाठमोरी बसली होती. मी “आये” म्हटलं. त्या बाईनं वळून पाहिलं, आणि मी दोन गल्ल्या पळत गेलो.

घरी पत्र मी धाडलंच नाही. धाडलं असतं तर त्यावर पिनांगचा शिक्का बसला असता. उद्या खरं लिहू, उद्या लिहू, असं करत तिसरं वर्ष लागलं. आपल्याकडं श्रावण सरत असेल, तेव्हाची गोष्ट. चिनी आळीत रस्त्याच्या कडेनं लांबच लांब टेबलं मांडलेली. भात, भाजलेली बदकं, संत्री, उदबत्त्या, आणि जेवायला एक माणूस नाही. आपल्याकडं देवीचा भंडारा असला की वाटसरूनंही बसायचं. न बसणं हा देवीचा अपमान. मी बसलो. अर्धं बदक संपवलं. खरं सांगायचं तर पाव. लोक मागं मागं सरकत गेले. कुणी मला उठवलं नाही. एक म्हातारी हात जोडून माझ्याकडं बघत काहीतरी पुटपुटत राहिली.

खाणावळीच्या मालकानं दुसऱ्या दिवशी उलगडा केला. चिनी मानतात, मेलेले लोक या महिन्यात भुकेले फिरतात. ज्यांना घरी वाढणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी ते जेवण होतं. म्हातारीला वाटलं असणार, त्यातलाच एक आला. मी खूप हसलो. मग चार दिवस घास उतरला नाही.

पंधरवड्यानं धक्क्यावर आमच्याच खाडीकाठच्या तुडीलचा हसन खलाशी भेटला. मला बघून त्याच्या हातातला पेला पडला. “तू तर मेलास,” तो म्हणाला. मी निघालो त्याच हंगामात कराचीकडं जाणारी एक बोट बुडाली होती. घरच्यांनी वर्षभर पत्राची वाट पाहिली, आणि मग सर्वपित्रीला माझं पान मांडायला सुरुवात केली. माझं पान जिथं मांडतात ते माझं घर, असं म्हणायचं तर माझं घर शाबूत होतं. फक्त त्या पानावर मला बसता येत नव्हतं.

मी हसनचा हात धरला. म्हटलं, वाडीवर चढ आणि सांग, गंगाराम जिता हाय. त्यानं विचारलं, खूण काय सांगू? बाच्या उजव्या पायाला सहा बोटं आहेत, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण जीभ सुटली. मी शेवई सांगितली, बदक सांगितलं, आणि नसलेलं आणखी बरंच काही.

हसन वर्षानं परत आला. त्यानं जे सांगितलं त्यामुळंच हे लिहायला बसलोय. ज्याला वाचता येतं त्यानं आयेला वाचून दाखवा. सहा बोटांचं दोनदा वाचा.

सर्वपित्रीच्या सकाळी हसन आमच्या अंगणात बसला आणि माझा सगळा निरोप त्यानं सांगितला. शेवईला वाडी पोट धरून हसली. बा हसला नाही. म्हणाला, “थापा त्याच्याच हायत. पन जिता असता तर एक तरी खरी गोष्ट धाडली असती.”

“आणि आय?” मी विचारलं.

“ती म्हनाली, जेवतो हाय ना, मग बरा हाय.”

“आणि पान?”

“मांडलं.”

मी हसून म्हटलं, कावळ्यानं तरी ओळखलं असेल. जित्या माणसाच्या पानाला तो शिवेल कसा?

हसन मी वाढलेला भात कालवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“शिवला,” तो म्हणाला. “पयल्याच हाकेला.”